दुबार बहराची येणेबाकी

महसूल खात्यात ज्याची उमेदीची सारी वर्षे खर्ची पडली, त्या माणसास निवृत्तीनंतर पृथ्वीच्या कोणत्याही टोकाला नेऊन ठेवले, तरी त्याची नजर बदलत नाही. शेत दिसले की ते जिरायत की बागायत, घर दिसले की ते गावठाणात की गावठाणाबाहेर, आणि फुलझाड दिसले की ते कोणाच्या खाती लागले आहे, हेच प्रश्न त्याच्या मनात सर्वांआधी उभे राहतात. अमेरिकेतील न्यू जर्सी राज्यात कन्येकडे मुक्कामास असताना तिच्या सासऱ्यांच्या, म्हणजे माझ्या व्याह्यांच्या, परसातील आयरिसांकडे मी पाहिले ते याच नजरेने. तेव्हा त्या फुलांच्या लावण्याचे वर्णन ज्यांना हवे असेल त्यांनी ते कवींकडे मागावे. मला तेथे जी दिसली ती थकबाकी होती, आणि थकबाकीविषयी लिहिण्याचा माझा अधिकार कोणी नाकारील असे वाटत नाही.

दाढीवाला आयरिस आपल्याकडील वाचकांनी प्रत्यक्ष पाहिलेला असण्याचा संभव थोडाच. थंडीची ओढ आणि साचल्या पाण्याचा तिटकारा हे दोन्ही गुण त्याच्या ठायी असल्यामुळे कोकणात त्याचा निभाव लागणे कठीण. आपल्या देशात तो पाहावा तर काश्मिरात; तेथे त्याच्या एका भाईबंदाची लागवड कबरींवर करण्याची जुनी चाल आहे. ही माहिती मी व्याह्यांना अद्याप दिलेली नाही. चित्राच्या द्वारे मात्र हे फूल पुष्कळांच्या परिचयाचे असेल, कारण व्हॅन गॉग या चित्रकाराने 1889 च्या मे महिन्यात सेंट-रेमी येथील मनोरुग्णालयात दाखल झाल्यावर तेथल्या बागेतील आयरिस रंगविले, आणि तेच चित्र पुढे 1987 मध्ये पाच कोटी डॉलरांहून अधिक किमतीस विकले गेले. आमच्या विहीणबाईंना या हकिकतीतील किमतीचे काही वाटत नाही. "तशा इस्पितळात भरती झाल्याशिवाय माणसाला ही फुले सुचत नाहीत, एवढे यावरून सिद्ध होते," असा त्यांचा निर्वाळा आहे, आणि तो देताना त्या यजमानांकडे पाहत नाहीत हीच काय ती त्यांची भीड.

फुलाला सहा पाकळ्या असतात. त्यांपैकी तीन वर उभ्या राहून माथ्याशी एकमेकींना भेटतात, तीन खाली झुलतात, आणि झुलणाऱ्या प्रत्येकीच्या कण्यावर केसाळ, बहुधा पिवळा किंवा नारिंगी पट्टा असतो, त्यास दाढी म्हणतात; मधमाशीला आत शिरण्याची वाट दाखविणे हे त्या दाढीचे काम. झाड वाढते ते जमिनीलगत आडव्या पसरणाऱ्या, थेट आल्याच्या कुडीसारख्या दिसणाऱ्या कंदापासून. त्या कंदाची पाठ मातीने झाकावयाची नसते, ती उन्हात उघडी ठेवावयाची असते. न्यू जर्सीत मेच्या मध्यापासून जूनच्या आरंभापर्यंत ही फुले येतात, आणि मग पुढल्या मेपर्यंत मालकाजवळ तलवारीच्या पात्यांसारखी पाने तेवढी उरतात. माँटक्लेअर गावी टेकडीच्या पायथ्याशी 1927 मध्ये स्थापन झालेली प्रेस्बी स्मृती आयरिस बाग आहे. तेथे या कुळातील हजारो झाडे एका ओळीने, नावाच्या पाट्या छातीशी धरून उभी असतात आणि मे महिन्यात आजूबाजूच्या गावांतील लोक तेथे जत्रेस लोटावे तसे लोटतात. नोकरीतून मोकळे झाल्यावर नानासाहेब, म्हणजे आमचे व्याही, एकदा सहज म्हणून तेथे गेले. विहीणबाई ज्यास घराण्याचा ऱ्हासकाल म्हणतात, तो त्या दिवसापासून सुरू होतो.

एकदाच फुलणाऱ्या आयरिसावर नानासाहेब थांबते तर हा लेख लिहिण्याचे कारण पडले नसते. आमच्या आंब्याला मोहोर एकदा येतो आणि त्याबद्दल कोणी त्याला खुलासा विचारीत नाही. वर्षातून एकदा येणाऱ्या पाहुण्याशी माणसाचे वर्तन नेहमीच सौजन्याचे असते. परंतु बागवानीच्या एका सचित्र सूचिपत्रात त्यांनी वाचले की आयरिसांमध्ये काही वाण असे आहेत, जे मेमध्ये फुलून झाल्यावर सप्टेंबर-ऑक्टोबरात पुन्हा फुलतात. सूचिपत्र विक्रेत्याचे असल्यामुळे 'पुन्हा फुलतात' ही अक्षरे ठळक होती. 'आपल्या हवामानात तसे घडेलच असे नाही' अशा आशयाचा मजकूर त्याच पानाच्या तळाशी इतक्या बारीक टाइपात होता की तो वाचण्यास जे भिंग लागले असते, ते नानासाहेबांनी कंद आल्यानंतर विकत घेतले.

या दुबार फुलण्यामागील व्यवस्था मोठी सुरस आहे, आणि ती समजल्यापासून माझ्या मनात या वनस्पतीविषयी व्यावसायिक आदर उत्पन्न झाला आहे. आयरिसाचा प्रत्येक कंद जन्मात एकदाच फुलतो. फुलोऱ्याचा दांडा एकदा निघून गेला की तो कंद त्या कामातून कायमचा निवृत्त होतो. मात्र तोवर त्याच्या दोन्ही कुशींना पिल्ले धरलेली असतात आणि फुलण्याचा हक्क वारसाने त्यांच्याकडे जातो. साध्या वाणात ही पिल्ले सज्ञान व्हायला पुढचे वर्ष उजाडते; दुबार वाणात त्यांतील काही एकाच उन्हाळ्यात वयात येतात आणि शरदातच वहिवाट सुरू करतात. म्हणजे आपण ज्यास एका झाडाचा दुसरा बहर म्हणतो तो वस्तुतः पुढल्या पिढीचा पहिला बहर असतो. वारसाची नोंद आणि कब्जा हे दोन्ही एकाच साली उरकल्याचे उदाहरण माझ्या सबंध सेवेत माझ्या दफ्तरासमोर आलेले नाही, आणि एक वनस्पती ते काम कोर्टाची पायरी न चढता करते, याचे मला आजही नवल वाटते.

ही घाई या वनस्पतीच्या अंगी आपोआप मुरली नाही, तिला ती माणसांनी लावली. नेब्रास्कात शेती करणारे हान्स आणि जेकब सास हे बंधू गेल्या शतकाच्या पूर्वार्धात, शेतीची कामे सांभाळून आयरिसांचे संकर करीत असत, आणि शरदात फुलणाऱ्या आरंभीच्या वाणांपैकी काही त्यांच्या वाफ्यांतून निघाले. पुढे लॉइड झुरब्रिग नावाचे, व्हर्जिनियात संगीत शिकविणारे प्राध्यापक या नादास लागले. कुंचला घ्यावा, एका फुलाचा पराग दुसऱ्या फुलाच्या ओठी लावावा, बोंड धरण्याची वाट पाहावी, बी पेरावे, आणि रोप फुलेपर्यंत दोन-तीन वर्षे आपण काय निर्माण केले हे न जाणता जगावे, असा तो उद्योग. संगीताच्या शिक्षकाला लागणारी सहनशीलता त्यांच्या कामी आली असावी असा माझा तर्क आहे. त्यांनी 1982 मध्ये नोंदविलेला 'इम्मॉर्टॅलिटी' हा शुभ्र वाण आजही थंड मुलखातील सर्वांत भरवशाच्या दुबार आयरिसांपैकी एक समजला जातो. नानासाहेबांकडे तो आहे, आणि खेरीज 'बेस्ट बेट', 'टोटल रिकॉल', 'अगेन अँड अगेन' इत्यादी मंडळी आहेत. यांतील शेवटच्याने त्यांच्या परसात मेखेरीज कधीही तोंड दाखविलेले नाही.

नानासाहेबांनी या सर्वांचे एक रजिस्टर ठेवले आहे. ते मूळचे अभियंता असल्यामुळे त्यात रकाने पुष्कळ आहेत, परंतु वसुलीचा अनुभव नसल्यामुळे रिमार्कचा रकाना नव्हता. तो माझ्या सूचनेवरून पाडण्यात आला. प्रत्येक वाणापुढे पहिला बहर, दांडे किती, पिल्ले किती आणि दुसऱ्या बहराची अपेक्षित तारीख अशी कलमवार नोंद असते, आणि तिच्यापुढे आता माझ्या हस्ताक्षरात 'येणे', 'तहकूब', 'नादार' असे शेरे आहेत. "रावसाहेब, हा 'नादार' शेरा जरा कडक होतो," असे त्यांनी एकदा मला अजिजीने सुचविले. "नानासाहेब," मी म्हणालो, "सलग तीन सप्टेंबर ज्याने हप्ता चुकविला त्याला आमच्याकडे दुसरा शब्द नाही." तरीही त्यांनी तो पेन्सिलीने करवून घेतला.

खरी अडचण पाण्यापाशी येते. साध्या आयरिसाला फुलून झाल्यावर उन्हाळ्यात कोरडे ठेवले तर तो सुखाने झोपतो. दुबार वाणाची पिल्ले मात्र त्याच उन्हाळ्यात वाढायची असल्यामुळे त्यांना तहान लागू देऊन चालत नाही. वरूड-मोर्शीच्या पट्ट्यात काही काळ काढलेल्या मला हे शास्त्र उलटे वाटले. तेथे संत्र्याच्या बागेला आंबिया किंवा मृग बहर धरावयाचा असेल तर आधी पाणी तोडून ताण देतात. पाने मलूल होऊन झाड मेटाकुटीस आले की पाणी सोडतात, आणि हबकलेले झाड फुलांनी लवथवून जाते. सरकारी देणे वसूल करण्याची पद्धत याहून निराळी नसल्यामुळे ती मला मनापासून पटली होती. हाच प्रयोग 'टोटल रिकॉल'वर करून पाहावा, असा सल्ला मी नानासाहेबांना दिला, तेव्हा मी त्यांच्या नातवाला उपाशी ठेवण्याचे सुचविले असावे अशा मुद्रेने त्यांनी माझ्याकडे पाहिले. आणि हेही खरे की पाणी थोडे अधिक झाले, किंवा नत्राचे खत मोकळ्या हाताने पडले, की त्या उघड्या पाठीच्या कंदात कूज शिरते. सारांश, पाणी दिले तर मुद्दल बुडते आणि न दिले तर व्याज. खतसुद्धा वसंतात एकदा आणि पहिला बहर ओसरल्यावर एकदा, नत्र कमी असलेले, कंदाच्या अंगाला न लागेल अशा बेताने, बोटांच्या चिमटीत धरून घालावयाचे असते; ते घालताना नानासाहेबांच्या चेहऱ्यावर जे गांभीर्य असते ते मी त्यांच्या मुलाच्या लग्नात, कन्यादानाच्या वेळीसुद्धा पाहिले नव्हते.

कूज आली की ती प्रथम नाकाला कळते. कंद वरून धडधाकट दिसतो. बोटाने दाबला की आत जातो आणि जो दर्प सुटतो त्याला उपमा नाही, असल्यास ती छापता येणार नाही. उपाय असा की सडलेला भाग पार पांढऱ्या, टणक गरापर्यंत खरवडून काढावा, उरलेला कंद कपडे पांढरे करण्याच्या द्रावणात पाणी मिसळून त्याने धुवावा आणि उन्हात वाळत ठेवावा. खरवडण्यासाठी धारेचा चमचा लागतो. तो नानासाहेबांनी कोठून मिळविला हे विहीणबाईंना ज्या दिवशी समजले, त्या दिवशी कढी वाढताना त्यांनी पळी वापरली आणि जेवण संपेपर्यंत एक अक्षर उच्चारले नाही. चमचा आता बागेच्या नावे वर्ग झाला आहे.

दुसरा शत्रू अळीचा. एक पतंग शरदात आयरिसाच्या वाळक्या पानांवर अंडी घालून जातो. ती हिवाळाभर तेथेच राहतात, वसंतात फुटतात, आणि बारीकशी अळी पानात शिरून, आतल्या आत खाली सरकत, उन्हाळ्यापर्यंत जाडजूड होऊन कंदात ठाण मांडते. मालकाला पत्ता लागावा तो पानाच्या कडेला पडलेल्या दातेरी खाचांवरून आणि ओलसर रेषांवरून. मेमध्ये, शेजारीपाजारी फुले पाहण्यास जमलेले असताना, नानासाहेब त्यांच्याकडे पाठ करून, भिंग डोळ्यास लावून पाने उलटीपालटी करीत असतात; रेषा सापडली की पान दोन बोटांत धरून अळी आतल्या आत चिरडतात. एकादशीस मात्र ही मोहीम विहीणबाईंच्या हुकमाने बंद राहते, आणि त्या अळ्यांना दरमहा दोन दिवसांचे अभयपत्र मिळते. शरदअखेरीस वाळकी पाने झाडून जाळली किंवा कचऱ्यात दिली तर अंडीच नाहीशी होतात, हा खरा सोपा इलाज. परंतु शरदात नानासाहेबांच्या वाफ्यातील एकाही पानाला कोणास हात लावू दिला जात नाही, कारण त्याच्या बेचक्यातून कदाचित दांडा निघावयाचा असेल!

मला या सर्व प्रकरणात सर्वांत विलक्षण वाटते ते हे, की मेमधील फुले नानासाहेब पाहतच नाहीत. निळी, जांभळी, मधाच्या रंगाची, काळसर तपकिरी, अशी ती कमरेएवढ्या दांड्यांवर डोलत असतात, रस्त्याने जाणाऱ्या मोटारी मंदावतात, कुत्रा फिरवीत निघालेली शेजारीण कुत्र्यासह थबकते. आणि ज्याच्या मालकीचे हे सारे, तो गृहस्थ गुडघ्यांवर बसून कंदाच्या बुडाशी पिल्ले किती धरली ते मोजीत असतो. त्याचे चित्त सप्टेंबरात गुंतलेले. पूर्वी, एकबहरी आयरिसांच्या काळात, हाच माणूस सकाळचा चहा घेऊन त्यांच्यापुढे अर्धा तास बसत असे, असे विहीणबाई सांगतात. दुसऱ्या बहराचे आश्वासन मिळाल्यापासून पहिला बहर त्यांच्या लेखी बयाण्याची रक्कम झाला आहे. आणि बयाणा हाती पडल्याने कोणी आनंदित झाल्याचे मी पाहिलेले नाही, उरलेल्या रकमेची काळजी तेवढी त्या क्षणापासून सुरू होते. माझ्या मते आयरिसाच्या संकरकारांनी माणसाला दोन बहर दिले हे खरे नव्हे. त्यांनी त्याचा एक काढून घेतला आणि दुसरा विवादास्पद ठेवला.

तथापि दुसरा बहर येतो, हे नमूद करणे न्यायाचे होईल. मी तेथे असताना सप्टेंबर सरता सरता 'इम्मॉर्टॅलिटी'ने दांडे काढले, आणि नानासाहेबांनी फोन करून मला कन्येच्या घरून बोलावून घेतले, तेही अशा स्वरात की कन्येने आधी डॉक्टरचा नंबर शोधला. कळ्या धरल्या खऱ्या, पण ऑक्टोबर पुढे सरकला आणि कळ्या मिटलेल्याच. अशात हवामानखात्याने रात्री दंव गोठणार असल्याचा इशारा दिला. गोठले की कळी संपली. दांडे कापून घरात फुलदाणीत ठेवले तर कळ्या उबेने आत उमलतात, हा शहाणपणाचा मार्ग मी सुचविला. परंतु फूल जमिनीवरच उमलले पाहिजे, एरवी ते जमेस धरता येत नाही, असा नानासाहेबांचा हिशेबी आग्रह. त्यांनी काठ्या रोवल्या आणि त्यांवर घरातील जुनी धोतरे व विहीणबाईंचे एक पांढरे सुती पातळ असे अंथरले की ते दांड्यांना न टेकता चहूकडून जमिनीपर्यंत लोंबावे. पहाटे कळ्या सुखरूप होत्या. दुसऱ्या रात्रीही हीच योजना, तिसऱ्या रात्रीही. ते दिवस अमेरिकनांच्या भुताखेतांच्या सणाचे, ऑक्टोबरअखेरीचे होते. गल्लीतील मुले फाटकाशी उभी राहून त्या वाऱ्याने फुगणाऱ्या पांढऱ्या आकृतींकडे आदराने पाहू लागली, आणि एका शेजाऱ्याने येऊन, यंदाच्या साऱ्या गल्लीत आपली भुते सर्वांत हुबेहूब उतरली आहेत, असे म्हणून नानासाहेबांचा हात हातात घेतला. नानासाहेबांनी ते अभिनंदन निमूटपणे स्वीकारले. पातळाखाली काय आहे हे सांगितले असते तर त्या गृहस्थाचा त्यांच्या शहाणपणावरचा विश्वास उडाला असता, हे त्यांना उमगले असावे. विहीणबाई मात्र आपले पातळ भूत म्हणून नावाजले गेल्याचे अजून विसरलेल्या नाहीत.

फुले उमलली. तीन. रजिस्टरात 'वसूल' असा शेरा मी शाईने लिहिला, आणि नानासाहेबांनी तो तीनदा वाचून घेतला.

आता मुख्य मुद्दा, ज्यासाठी या लेखाचा खटाटोप. दुबार वाणांची पिल्ले जितक्या त्वरेने सज्ञान होतात तितक्याच त्वरेने जागा अडवितात, म्हणून दोन-तीन वर्षांनी गड्डे उपटून, म्हातारे कंद टाकून, तरुणांची फाळणी करावी लागते. हे काम जुलैपासून सप्टेंबरपर्यंत उरकावे, म्हणजे जमीन गोठण्याआधी मुळे धरतात. नानासाहेबांकडे यंदा फाळणीचे साल आहे. त्यातून जे कंद निघतील ते त्या परसात मावणारे नाहीत. नात्यातील सर्व घरे यापूर्वीच भरलेली आहेत. आणि व्याह्यांनी आग्रहाने बांधून दिलेले गाठोडे मी मायदेशी आणू शकत नाही, कारण परवाना व तपासणीचा दाखला असल्याखेरीज लागवडीचा कंद भारतात उतरवू देत नाहीत. कायदेकानूंविषयी इतकी कृतज्ञता मला नोकरीत असतानाही वाटली नव्हती. तेव्हा न्यू जर्सीतील एडिसन व आसपासच्या गावी राहणाऱ्या, सहा तास ऊन आणि निचऱ्याची जमीन बाळगणाऱ्या मराठी वाचकांना विनंती, की त्यांच्या ओळखीपाळखीत आयरिसवेडा कोणी असेलच, त्याच्याकडे जुलै-ऑगस्टमध्ये जावे आणि कंद मागून घ्यावेत. तो नाही म्हणणार नाही. पाने वीतभर ठेवून छाटून आणावीत. लावताना पाठ उघडी ठेवावी, आणि वाफ्यावर लाकडाचा भुसा पसरू पाहणाऱ्या हिरवळवाल्या कंत्राटदाराला फाटकाबाहेरच थोपवावे. नेताना पिशवी कागदाची असू द्यावी, प्लॅस्टिकच्या पिशवीत कंद घरी पोचेपर्यंत कुजू लागतो.